दुर्बिणीचं टोपडं

तुकोगंजातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात शालिनी बाळाला मांडीवर थोपटत बसली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं आपल्याच नादात बोलत होतं.

“उन्हाळ्यासाठी सरकारी दफ्तरं ग्वाल्हेरहून इकडे आली की गर्दीत इथे नंबरच लागत नाही बघा,” म्हातारी म्हणाली.

“मग घरी चल. मला अच्छा दिसतं.”

“काल संध्याकाळी अंगणातल्या दुर्बिणीतून काय दिसलं?”

“वसिष्ठ नि अरुंधती. दोन्ही तारे एकदम साफ.”

“खरंच?”

“लग्नात तुला दाखवली होती, तश्शी. वसिष्ठाच्या शेजारी.”

“अहो, नळीच्या तोंडावरचं टोपडं काढायला काल मी विसरले होते. आज सकाळी पाहिलं.”

“आपल्या मुकुंदाचं टोपडं. अजून तेच बांधतेस धुळीसाठी?”

“बात बदलू नका. कधीपासून दिसत नाही?”

“संक्रांतीपासून. ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचे दिवस भरले, असं तुझी आई म्हणायची. तू घाबरशील म्हणून बोललो नाही.”

“घाबरलेच आहे. आता आजपासून दुर्बिणीला डोळा मी लावते. तुम्ही नुसतं विचारायचं, मी सांगत जाईन.”

“आणि तुलाही नाही दिसली तर?”

“तरी म्हणेन, एकदम साफ.”

कंपाउंडरनं नाव पुकारलं. म्हातारा उठला आणि दाराऐवजी भिंतीकडे वळला. म्हातारीनं त्याचा हात धरला.

शालिनीनं बाळाच्या टोपड्याची नाडी सोडली आणि हलकेच पुन्हा बांधली.