स्पीकरला पाजलेलं तेल

अहो, घरी स्पीकर करणं अवघड नाहीच. साठ सालच्या सुमारास नागावात मी केलाय. छातीएवढं उंच खोकं. खर्जाला मोठा स्पीकर, गळ्याला मधला, झांजांना चिमुकला. खोकं बांधलं होड्या बांधणाऱ्या पांडूने. म्हणाला, “होडीसारखं मुशी माशाचं तेल पाजलंय. पान्यात टाका, काय व्हायचं न्हाय!”

मी बायकोला म्हटलं, “बघ, आज अख्खी आळी ऐकायला बसेल.” आणि रेकॉर्ड लावून चहा प्यायला आत गेलो.

थोड्या वेळाने ही बाहेरून ओरडली, “अहो, आली तुमची आळी!”

बघतो तर आळीतली सगळी मांजरं स्पीकरला नाक लावून बसलेली. हसा खुशाल! गाणं संपलं तरी एकही उठलं नाही. असे श्रोते कुठल्या गवयाला मिळालेत?