रुमालाखालच्या किल्ल्या

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक नणंद आणि तिची वहिनी नंबरची वाट बघत होत्या. वहिनीच्या मांडीवर दात येऊ लागलेलं बाळ होतं. नणंदेने त्याच्या हातातल्या किल्ल्या काढून बाकावर ठेवल्या आणि वर रुमाल टाकला.

"झालं हिचं सुरू. कॉलेजात मानसशास्त्र घेऊन दोन महिने नाही झाले, आणि माझ्या पोरावर प्रयोग."

"वहिनी, गप्प बस आणि बघ. परवापर्यंत रुमाल टाकला की किल्ल्या संपल्याच त्याच्यासाठी. लगेच माझी वेणी ओढायचा."

"बापावर गेलाय, विसरभोळा."

"बघ, हात गेला रुमालाकडे. ओढला! वहिनी, ओढला त्याने."

"अगंबाई, शोधल्या की गं."

"म्हणजे आता त्याला कळतं, दिसत नसलं तरी ते असतं. उद्या आमच्या बाईंना सांगते."

"थांब जरा. मग सोमवारी मी कामावर गेले की?"

"तुलाही शोधेल."

"रडेल म्हण की. मी आपली समजत होते, नजरेआड झाले की विसरेल, रमेल तुझ्याजवळ."

"रडेल थोडे दिवस. तू परत येतेस हे कळलं की होईल शांत."

"मग आत्ताच कळू दे. धर त्याला, मी त्या दाराआड जाऊन येते."

"अगं, नंबर येईल आपला."

"येऊ दे."

ती गेली.

"वहिनी, दाराकडेच बघतोय. मान वळवायला तयार नाही. ये आता, ओठ काढलेत त्याने. आली, आली बघ आई. अगं, तो हसतोय, तू कशाला डोळे पुसतेस?"