दोन रुपयांचा शेअर

शेअरचं मला काय विचारता? महादूचं ऐका.

आमचा महादू साजगावच्या एका कारखान्यात तीस वर्षं होता. निवृत्त झाला आणि बायकोच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला ठेवलेल्या पैशांतून त्याच कारखान्याचे शेअर घेऊन बसला. दोन रुपयाला एक.

मी म्हटलं, "भात घेताना मी दाणा चावून बघतो. तू काय बघितलंस रं?"

"तीन नंबरची मशीन मी चालवलीय. मला कारखाना नवा हाय का? आणि दोन रुपयाचा आणखी किती पडणार?"

"शून्यापर्यंत."

रागावला. दोन महिने बोलला नाही. मग स्वतःच दारात आला. "विकायला काढलेत, पण घेणारा कोणीच नाय. चल, कारखाना बघून येऊ."

गेटवर वॉचमन म्हणाला, "काका, आत काय नाय. दिवाळीआधीच मशिनी ट्रकात घालून नेल्या."

वहिनी अजून भिंत धरून चालतात. मला वाटलं, आता हा पैशांसाठी रडेल. तर गेटचे गज धरून त्यानं विचारलं, "तीन नंबरची पण नेली?"