खळं झाका

टोकावड्याच्या थांब्यावर मुरबाडची एसटी यायची होती. मागच्या बाकावर एक म्हातारे बाबा आणि सुट्टी संपवून नोकरीवर निघालेली त्यांची मुलगी बोलत होते. मी वळून पाहिलं नाही.

“नम्रता, त्या दिवशीचा पावसाचा मेसेज तूच धाडलास ना?”

“तुमाला कसं कळलं, बाबा? आमचं हवामानाचं ऑफिस पार विदर्भात.”

“म्हणून तर इचारतो.”

“इकडच्या ऑफिसची सिस्टीम बंद पडली होती. ती चालू होईपर्यंत त्यांचा अंदाज आमी काढायचा. बॅकअप म्हणतात त्याला.”

“म्हंजे शेजारीण माहेरी गेली का तिची गुरं आपून बघायची, तसं.”

“तसंच. पण नकाशावर टोकावडं दिसलं आन माझा हात थांबला. दर वेळी लिहितो, मेघगर्जनेसह पाऊस. मी लिहिलं, आभूट येईल, खळं झाका.”

“भरल्या आभाळाला आभूट कोन म्हनतं आता?”

“आई म्हणायची.”

“मी मेसेज वाचला आन ओटीवरून बोलून गेलो, झाकतो गो.”

“घरात कोण होतं?”

“कोन नाय.”

“मग झाकलंत?”

“झाकलं. भातावर ताडपत्री टाकली, वर दगड ठेवले. थेंब नाय पडला.”

“म्हणजे माझा अंदाज चुकला.”

“तुझ्या आयचा तरी कुठं दर वेळी बरोबर यायचा? पन मी झाकायचो.”