दिग्याच्या गाडीची बॅटरी

माहा जन्म बुलढान्याजवळच्या धाड गावचाच. बाप बैलगाडीच्या चाकाले लोखंडी धाव बसवे, मी बॅटऱ्याइकडं वळलो, कारन त्यात घाम कमी असं मले वाटलं, पन बॅटरीतल्या तेजाबानं माह्या किती पॅन्टी खाल्ल्या काय सांगू तुम्हाले. बसस्टँडजवळ दुकान हाय, ट्रॅक्टर असो का जीप, कोनाची बी बॅटरी असो, हात लावला का मले कळते.

दिगंबर माह्याच वयाचा, शाळेत एका बाकावरचे आमी, नापास बी एकाच साली. मी त्याले दिग्या म्हनतो, तो मले सल्या. बीटी कपाशी आली तवा त्यानं बियान्याचं दुकान टाकलं, अन् लोकं पाकिटासाठी पहाटपासून त्याच्या दाराशी रांगेत. मंग काही वर्षानं त्याच कपाशीत बोंडअळी शिरली, लोकं रडले, माही तीन एकर कपाशी मी नांगरून टाकली, अन् तवा बी रांग त्याच्याच दारात, फवारनीच्या औषधासाठी. बियानं बी त्याचं अन् औषध बी त्याचंच. अळी काही त्यानं सोडली नोती म्हना. पन मी जळत होतो, खोटं कशाले बोलू, जळत होतो म्हनजे जेवन जाये नाही.

त्यात त्यानं गाडी घेतली, जालन्याच्या एका डॉक्टरची वापरलेली, ते मायल्ड हायब्रीड म्हनतात तसली. तिच्यात दोन बॅटऱ्या, एक लहानी सीटखाली अन् एक स्टार्टची बोनेटात. गाडी उभी राह्यली का इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला का परत चालू, तेवढंच पेट्रोल वाचते. हे त्याले कोनी सांगतलंच नोतं.

एक दिवस स्टार्टची बॅटरी बसली, गाडी ढकलत माह्या दुकानात आनली. म्हने सल्या, तूच बदलव, दुसऱ्याले मी हात लावू देत नाही. आता त्या गाडीले वेगळी बॅटरी लागते, घडीघडी स्टार्ट सोसनारी, बुलढान्याहून संध्याकाळलोक आली असती. माह्याजवळ त्याच मापाची साधी होती. मनानं म्हनलं, बसू दे याची गाडी एकदा भर बाजारात. मी साधीच बसवली अन् म्हनलं, हीच लागते.

आठ दिवसानं आला तं हातात जिलेबी. म्हने काय हात हाय बे तुहा, पहिले जिथं थांबो तिथं इंजिन बंद पडे, बायको म्हने डॉक्टरनं फसवलं, आता एकदा बी बंद पडत नाही. साध्या बॅटरीवर ती आपोआप बंद व्हायची सोय चालतच नाही, अन् हा साऱ्या गावात सांगत फिरला. जिलेबी मी खाल्ली, पन गोड नाही लागली.

मंग एक दिवस म्हने, उद्या आईले मोतीबिंदूच्या ऑपरेशनले जालन्याले नेतो.  साधी बॅटरी त्या गाडीत टिकत नाही, अन् त्या म्हातारीच्या हातच्या भाकरी मी काही कमी खाल्ल्या नाहीत. तसाच एसटीनं बुलढान्याले गेलो, बरोबरची बॅटरी आनली, बसवली. म्हनलं दिग्या, पहिली चुकीची होती, माहीच चूक. तो हसला, म्हने तू अन् चूक? काहीबी बोलतो.

ऑपरेशन चांगलं झालं, पन तो आला तं तोंड पाडून. म्हने बंद पडनं परत सुरू झालं बे. मी समजावलं, अरे हा तिचा गुन हाय, बिघाड नाही. तं म्हने, मले शिकवू नको, इतकी मस्त चालून राह्यली होती, कोनाची तरी नजर लागली, गावात जळनारे का कमी हायेत? मी खाली मान घालून पाना पुसत बसलो.

त्याची बायको लिंबू-मिरच्या घेऊन आली. म्हने सलीमभाऊ, तुमच्याच हातानं बांधा, तुमच्यापेक्षा जवळचं आमाले कोन हाय? बांधल्या. आता दर शनिवारी मीच नव्या बांधतो, गाठ पक्की मारतो, अन् गाडी चकचक करत निघून गेली का माह्या पोटात दुखतेच, ते काही जात नाही. अल्ला त्याची गाडी सलामत ठेवो, साऱ्याइच्या नजरेपासून, माह्या बी.