चौथा संदर्भ

(मे २००२. सुवर्णा नाशिकला द्वारका चौकातल्या एसटीडी बूथमधून चांदवडला मोटार-वायंडिंगच्या दुकानात काम करणाऱ्या जीवनशी फोनवर बोलते आहे.)

जीवन : पण माझं नाव टाकायला तुला सांगितलं कोणी? नापास माणसाचं नाव प्रोजेक्टच्या रिपोर्टात?

सुवर्णा : जीवनदादा, आधी ऐकून तरी घे.

जीवन : काय ऐकू? मागल्या साली व्हायवाला माझा पंखा फिरला नाय, आख्ख्या कॉलेजानं पाह्यलं. आता तुझेबी मार्क घालवले असतील.

सुवर्णा : कांदा साठवायच्या चाळीत पंख्यानं खालून हवा सोडायची कल्पना तुझी. पावसाळाभर चाळीतल्या तापमानाची रीडिंग तू घेतलीस. रिपोर्ट रद्दीत टाकायला निघालास, म्हणून मी मागून घेतला. तो वापरायचा आणि नाव गाळायचं?

जीवन : सगळेच गाळतात. सीनियरचा रिपोर्ट घ्यायचा, वरचं पान बदलायचं, मागची संदर्भांची यादी हाय तशी उतरवायची.

सुवर्णा : तेच आज परीक्षकांनी पकडलं. दुसऱ्या ग्रुपच्या शेखरला विचारलं, तुझ्या यादीतलं सातवं पुस्तक जाड आहे की पातळ? तो म्हणाला, मध्यम. ते पुस्तक आपल्या लायब्ररीत कधी आलेलंच नाही.

जीवन : आन् तुझी यादी?

सुवर्णा : चारच नावं. आमच्या सरांना घाम फुटला. परीक्षक म्हणाले, एवढीच? मी म्हटलं, एवढंच वाचलंय.

जीवन : मंग?

सुवर्णा : चौथ्यावर बोट ठेवलं. हा जीवन गांगुर्डे कोण? मी म्हटलं, सर, तो नापास झाला, पण आधीच्या पावसाळ्यातली रीडिंग त्याची आहेत. पंखा आणि यंदाची रीडिंग आमची.

जीवन : सगळ्यांदेखत म्हणालीस?

सुवर्णा : हो, सगळ्यांदेखत. त्यांनी तुझी रीडिंग आमच्याशी ताडून पाहिली. जुळली. मग पंखा लावला आणि फिरला, दादा. सगळ्यात जास्त मार्क आमच्या ग्रुपला. ऐकतोयस ना?

जीवन : ऐकतोय.

सुवर्णा : परीक्षक म्हणाले, त्याला ऑक्टोबरला बसायला सांग. एवढं काम केलंय, घाबरतो कशाला? फॉर्म भरशील ना?

जीवन : भरतो. पंखा का नाय फिरला, ते या दुकानात पंपाच्या जळक्या मोटारी बांधून बांधून कळलंय मला.

सुवर्णा : मग झालं तर.

जीवन : पण यंदाची रीडिंग तुझी लागतील. माझ्या यादीत पहिलं नाव तुझं टाकतो.