कडुनिंबाखालची गाडी

नही रे नवल, बसवू नको ती मोटर. राहू दे. कालपासून तू तिच्यामागं लागलाय — दुकानात नेली, नवी तार गुंडाळून आनली — कळतं माले. माह्या हेमराजनं पुन्याहून फोन करून सांगलं ना तुले, आईले उकडतं, तिचा कुलर चालू करून दे, म्हनून आला तू. बस त्या खाटेवर. बोदवडले आता या उन्हात जाऊन काय करतो? पानी घे, मडक्यातलं हाये.

तुले एक सांगाचं व्हतं. मोटर कशानं जळाली, ते हेमराज तुले विचारीन. — थांब, माले बोलू दे पयले. त्यानं विचारलं का तू म्हनजो, जुनी झालती, गेली. इतकंच म्हनजो.

ती गाडी तू पाह्यली व्हती ना, अंगनात कडुनिंबाखाली उभी? बठ्ठं गाव पाहून गेलं. आत दोन पलंग, शेगडी, हात धुवाचं भांडं, आन् भिंतीले एसी. पुन्याहून भाड्यानं आनलती त्यानं. लोक म्हनतात, कुंदाबाईच्या सुनेले सासरच्या घरात राह्याचं नव्हतं म्हनून गाडी आनली — तसं नही बरं. मयुरी तशी नही. आमच्या ह्यायसाठी आनलती, तुह्या निंबा आबासाठी. उन्हाळ्यात दम लागे ना त्यायले. तर तोरणमाळले नेतो, गाडीतच झोपू, गाडीतच सैपाक करू, थंड हवा लागीन आबाले, असं त्याच्या मनात. निघाचं दुसऱ्या दिवशी पहाटे. हे गाडीत चढले, गादीवर हात फिरवला, म्हने, झ्याक हाये, उद्या बसू. आज माह्या घरात निजतो. हेमराजनं लई म्हनलं, आबा, आत गार हाये. नहीच ऐकलं.

मंग दुपारी नातीच्या अंगावर घामोळ्या फुटल्या. लालेलाल, रडू रडू बेजार पोरगी. मयुरी तिले घेऊन गाडीत गेली, हेमराजनं ओट्यावरून घरातल्या लाईटीची वायर टाकली आन् एसी लावला. पोरगी निजली, तेही दोघं लवंडले — रातभर गाडी हाकत आलते बिचारे. आन् इकडे घरात हे लवंडलेले, तं आमचा कुलर घुमाले लागला. तुले ठाऊक हाये, या दिवसात इथं लाईट कशी मरतुकडी येते. पंखा फिरेना, नुसता घुमे, मंग जळका वास आला आन् बंद. मी उठली. म्हनलं, हेमराजले उठवते, तुमाले गाडीत नेतो. तर यायनी माह्या पदराले धरलं. म्हने, नको. लई वेळानं पोरीचा डोळा लागलाय. दार उघडलं का उठीन ते. आन् सून निजेल हाये, मी कुठी जाऊ त्यायच्यात? ओला पंचा दे, भागते माहं.

दिला पंचा. वारा घातला. पंचा वाळे, मी पुन्हा भिजवे. टाकीतलं पानीही कढत — त्यानं काय गार होनार? एकदा भिजवून आली तं डोळे उघडे, पन माह्याकडे पाहेना. पळाली गाडीकडे, दार वाजवलं. त्या एसीच्या घरघरीत त्यायले ऐकूच येईना. हातानं वाजवलं, मंग दगड घेतला, तवा उघडलं. त्याच गाडीत घालून जळगावले निघालो. आत इतका गारठा, अन् त्यायचं अंग तव्यावानी. रस्त्यातच गेले. डॉक्टर म्हने, ऊन लागलं.

आता हेमराज फोन करतो तं तेच म्हनतो — आबाचा हट्ट नडला, गाडीत निजले असते तं वाचले असते, जन्मात कोनाचं ऐकलं नही त्यायनी. तेराव्याले पाहुन्यायसमोर म्हनला, हट्टी मानूस. मी पोया लाटत व्हती. हट्टी नव्हते रे ते. नातीची झोप मोडू नये म्हनून — पन सांगू कोनाले? त्या धांदलीत कुलरकडे कोन पाह्यतो? नंतर जळाला, असं मीच सांगलं त्याले. खरं सांगलं तं माहा पोरगा त्या लेकराकडे तरी नीट पाहीन का? त्यापेक्षा मेलेल्या मानसाले बोल लागू दे. ऐकनं माह्याच वाट्याले आलं, मी ऐकीन.

म्हनून म्हनते, जुनी झालती म्हनजो. म्हनशील ना? — खाली काय पाह्यतो?

काय? सांगलं? कधी — कालच? मोटर उघडली तेव्हाच फोन आलता त्याचा? मंग काय सांगलं तू? लाईट कमी पडून जळाली, त्या वक्ती घरात एसीबिसी चालू असीन, असं. सरळ म्हनला. नही, तुहं काय चुकलं, तुले काय माहीत, एसी त्या एका दुपारीच लागलता.

आन् तो काय म्हनला?

फोन ठेवला?

ऊठ, भाऊ. जाय तू. मोटर राहू दे तिथंच. दार लोटून घेजो.